घरच्या आंबवलेल्या पेयात अल्कोहोल किती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळचा तासगावचा. द्राक्षबागायतदाराच्या घरात वाढल्यामुळे 'ब्रिक्स' (रसातली साखर मोजायचं एकक) हा शब्द पाढ्यांच्या आधी कानावर पडला. आता इंग्लंडमध्ये राहतो आणि घरी सायडर, मीड (मधाची वाइन) आणि अधूनमधून बिअर करतो. सफरचंदांचा हंगाम आला की इकडच्या मराठी मित्रांचे फोन सुरू होतात आणि प्रश्न दरवर्षी तेच असतात. म्हणून एकदा सगळं लिहून काढलं.

आधी हे सांगा, घरी असं काही करणं कायदेशीर आहे का?

तुम्ही कुठे राहता त्यावर आहे. इंग्लंडमध्ये स्वतःपुरती बिअर, वाइन, सायडर करता येते. घरगुती बिअरला लागणारा परवाना १९६३ साली रद्द झाला. विकायची मात्र नाही. अमेरिकेत १९७८ च्या कायद्यानं एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा जास्त प्रौढांच्या घराला २०० गॅलन बिअर करायची मुभा दिली, पण राज्याराज्यांचे नियम वेगळे आहेत, ते बघून घ्या. भट्टी लावून दारू गाळणं दोन्ही देशांत विनापरवाना गुन्हा आहे.

महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी अधिनियम लागू आहे. परवान्याशिवाय दारू तयार करणं हा तिथे गुन्हा आहे, मग ती घरच्यापुरती आणि एक बाटली का असेना. तेव्हा हे वाचून पुण्याच्या फ्लॅटमध्ये कुणी मधाची बरणी लावू नये.

हायड्रोमीटर नेमकं काय मोजतो? अल्कोहोल?

नाही. सगळा घोटाळा इथूनच सुरू होतो. हायड्रोमीटर फक्त द्रवाची घनता सांगतो, म्हणजे तो पाण्याच्या मानानं किती जड किंवा हलका आहे ते. डेअरीतला लॅक्टोमीटर हा याचाच सख्खा भाऊ. दुधात पाणी घातलं की लॅक्टोमीटर खोल बुडतो आणि दूधवाला पकडला जातो. पाण्यात साखर विरघळली की ते जड होतं आणि हायड्रोमीटर वर उचलला जातो. यीस्टनं साखर खाल्ली की तो परत खाली जातो.

त्या साखरेचं काय होतं? १८० ग्रॅम ग्लुकोजपासून कागदावर ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो. वायू बुडबुड्यांनी निघून जातो आणि अल्कोहोल मागे राहतं. आपण आधीची आणि नंतरची घनता बघतो, किती साखर गेली ते ओळखतो आणि त्यावरून अल्कोहोलचा अंदाज बांधतो. म्हणून रीडिंग दोन लागतात. पहिलं हुकलं तर ते पुन्हा कधीच मिळत नाही.

मग हिशोब कसा करायचा?

यीस्ट घालण्याआधीची घनता म्हणजे ओजी, आंबणं पूर्ण थांबल्यानंतरची एफजी. दोन्हींतला फरक १३१.२५ नं गुणा. येईल ते अल्कोहोलचं आकारमानानुसार प्रमाण, म्हणजे बाटलीवर छापतात ते.

सफरचंदाचा रस १.०५० ला सुरू झाला आणि १.००० ला थांबला, तर फरक ०.०५०. गुणाकार ६.५६. साडेसहा टक्के म्हणा आणि पुढे चला.

हा १३१.२५ आकडा आला कुठून? सगळीकडे चालतो का?

हा कामचलाऊ आकडा आहे. साखर गेल्यानं घनता घटते, त्यात पाण्याहून हलकं अल्कोहोल (घनता ०.७८९) आल्यानं ती आणखी घटते. दोन्ही गोष्टी मिळून जो फरक पडतो, त्याचं सरासरी गुणोत्तर म्हणजे हा आकडा. बिअर आणि सायडरला तो पुरतो. मीडसारख्या जोरदार प्रकारात कमी पडतो. तिथे हे लांबलचक सूत्र वापरतात:

७६.०८ × (ओजी − एफजी) ÷ (१.७७५ − ओजी) × (एफजी ÷ ०.७९४)

माझं नेहमीचं मीड ३ किलो मध आणि पाणी मिळून एकूण १० लिटर असं असतं. सुरुवात साधारण १.०८८ ला होते, शेवट ०.९९८ ला. साध्या सूत्रानं ११.८ टक्के येतात, लांब सूत्रानं १२.५. वरच्या सायडरला मात्र लांब सूत्र ६.६ देतं, म्हणजे फरक जवळपास शून्य. दहा टक्क्यांच्या वर जाणार असाल तरच कॅल्क्युलेटर बाहेर काढा.

एफजी १.००० च्या खाली गेली. हायड्रोमीटर बिघडलाय का?

नाही. साखर संपली आणि उरलं पाणी अन् अल्कोहोल, तर ते मिश्रण पाण्याहून हलकंच असणार. कोरडी वाइन किंवा मीड ०.९९० ते ०.९९८ च्या दरम्यान थांबतं.

रीडिंग घेताना चुका कुठे होतात?

माझ्या हातून झालेल्या चुका सांगतो, म्हणजे यादी आपोआप पूर्ण होईल.

पहिल्या मीडच्या वेळी मध पाण्यात ढवळला, दोन मिनिटांत वरचा नमुना घेतला आणि १.०५० वाचलं. हिशोबानं १.०८८ यायला हवं होतं. मध कमी पडला असं वाटून अर्धा किलो आणखी ओतला. प्रत्यक्षात निम्मा मध भांड्याच्या तळाशी बसला होता. शेवटी जे तयार झालं ते इतकं जहाल होतं की बायको त्याला अजून औषधच म्हणते. मध, गूळ किंवा घट्ट सिरप असेल तर हात दुखेपर्यंत ढवळा, दहा मिनिटं थांबा, पुन्हा ढवळा आणि मग नमुना घ्या.

दुसरी चूक बुडबुड्यांची. आंबत्या द्रवात वायू असतो, तो हायड्रोमीटरच्या अंगाला चिकटून त्याला वर उचलतो आणि रीडिंग जास्त येतं. नमुना दोन ग्लासांत चहा गार करतो तसा उंचावरून पाच-सहा वेळा वरखाली करा, वायू निघून जातो. जारमध्ये सोडल्यावर हायड्रोमीटरला बोटांनी एक गिरकी द्या.

फळाचा गर असेल तर मलमलच्या फडक्यातून गाळून घ्या. हायड्रोमीटर जारच्या भिंतीला टेकू देऊ नका. द्रव काचेच्या दांडीलगत थोडा वर चढलेला दिसतो. डोळा पातळीत आणून त्या चढलेल्या कडेवर न वाचता सपाट पृष्ठभागावर वाचा.

आणि आकडा लगेच लिहा, भांड्यावरच चिकटपट्टी लावून, तारखेसह. मी एकदा भाजीच्या पावतीमागे लिहिला होता. ती पावती कुठे गेली ते विचारू नका.

तापमानानं किती फरक पडतो?

हायड्रोमीटरच्या आतल्या कागदावर तो कोणत्या तापमानासाठी आखलाय ते लिहिलेलं असतं. बहुतेक २० अंश सेल्सियस, जुने किंवा अमेरिकी असतील तर ६० फॅरनहाइट, म्हणजे १५.६ सेल्सियस. द्रव त्याहून गरम असेल तर तो प्रसरण पावतो, हलका होतो आणि रीडिंग कमी येतं. २० अंशांचा हायड्रोमीटर ३० अंशांच्या द्रवात वापरला तर सुमारे ०.००२५ मिळवा. बिअरचं उकळतं पाणी अर्धवट निवल्यावर, ६० अंशांना घाईनं मोजलंत, तर चूक ०.०१५ च्या घरात जाते. म्हणजे अल्कोहोलच्या हिशोबात तब्बल दोन टक्के. दुरुस्त्या करत बसण्यापेक्षा नमुन्याचा ग्लास गार पाण्यात ठेवून वाट बघणं सोपं.

नवा हायड्रोमीटर आणला की आधी आखलेल्या तापमानाच्या साध्या पाण्यात सोडून बघा. १.००० दाखवायला हवा. १.००२ दाखवत असेल तर फेकू नका, प्रत्येक वेळी ०.००२ वजा करा.

घरी लॅक्टोमीटर आहे, इन्व्हर्टरच्या बॅटरीचा हायड्रोमीटरही आहे. नवा कशाला घ्यायचा?

लॅक्टोमीटरची पट्टी साधारण १.०१५ ते १.०४० एवढीच असते. मीडची सुरुवात तिच्या वर आणि शेवट तिच्या खाली. बॅटरीचा हायड्रोमीटर सल्फ्युरिक ॲसिडसाठी असतो, पट्टी १.१०० च्या वरची आणि आत ॲसिडचे अंश. तो स्वयंपाकघरात आणूसुद्धा नका.

रिफ्रॅक्टोमीटर चालेल का? गावाकडे सगळे त्यावरच द्राक्षाची गोडी बघतात.

आंबवण्याआधी उत्तम चालतो. एक थेंब काचेवर टाकायचा, उजेडाकडे धरायचा, ब्रिक्स वाचायचा. द्राक्षबागेत मणी पिळून हेच करतात, साखर कारखान्यात उसाच्या रसाचं हेच. ब्रिक्स म्हणजे १०० ग्रॅम रसात साखर किती ग्रॅम. घनतेत बदलायचं तर ढोबळमानानं चारनं गुणा: १० ब्रिक्स म्हणजे १.०४०. वरच्या बाजूला थोडा जास्त येतो, २४ ब्रिक्स म्हणजे १.१०१.

आंबल्यानंतर मात्र हे यंत्र सरळ फसवतं. ते प्रकाश किती वाकतो ते बघतं, आणि प्रकाश साखरेनं वाकतो तसा अल्कोहोलनंही पाण्यापेक्षा जास्त वाकतो. २४ ब्रिक्सला सुरू झालेली वाइन पूर्ण कोरडी झाली, तरी रिफ्रॅक्टोमीटर आठाच्या आसपास दाखवत राहतो. आमच्या एका नातेवाइकांना हे सांगूनही पटलं नव्हतं. 'अजून आठ साखर आहे की!' म्हणत ते आणखी तीन आठवडे थांबले. सुरुवातीचा आणि शेवटचा ब्रिक्स दोन्ही घालून दुरुस्ती करणारी गणकयंत्रं आहेत, पण शेवटचं रीडिंग हायड्रोमीटरनंच घ्या.

पहिलं रीडिंग घ्यायचंच राहिलं. आता?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. पाककृती नेमकी माहीत असेल तर हिशोबानं ओजी काढता येते. एक लिटर मिश्रणात १०० ग्रॅम साखर असेल तर घनता १.०३८ येते. मधाचं हेच प्रमाण घेतलं तर १.०२९, कारण मधात पाणीही असतं. विकतचा सफरचंदाचा रस असेल तर खोक्यावर १०० मिलीमागे साखर किती ते छापलेलं असतंच.

पण काही पेयांना पहिलं रीडिंग नसतंच. माडी घ्या. नारळाच्या पोयीतून थेंब मडक्यात पडला की लगेच आंबायला लागतो, आणि भंडारी सकाळी झाडावर चढतो तेव्हा मडक्यात ताजा थेंब आणि रात्रीचा आंबलेला रस एकत्रच असतात. शुद्ध सुरुवात अशी कुठे पकडता येत नाही. अशा वेळी उकळण्याची पद्धत उपयोगी पडते.

वायू काढून टाकलेलं पेय मोजपात्रात बरोबर २५० मिली घ्या, २० अंशांना आणा, घनता टिपा. मग ते पातेल्यात निम्म्याहून कमी होईपर्यंत उकळा. अल्कोहोल उडून जातं, साखर, आम्ल वगैरे मागे राहतं. खिडकी उघडी ठेवा आणि शक्यतो विजेची शेगडी वापरा, वाफ पेट घेऊ शकते. गार झालं की त्याच मोजपात्रात ऊर्ध्वपातित पाणी घालून पुन्हा बरोबर २५० मिली करा आणि त्याच तापमानाला घनता बघा. आता ती वाढलेली असेल, आणि वाढ झाली ती फक्त अल्कोहोल गेल्यामुळे. ०.००७० वाढली तर साधारण ५ टक्के, ०.०१३३ वाढली तर १०, ०.०१५६ वाढली तर १२.

आकडे किती बारीक आहेत ते बघा. नेहमीच्या हायड्रोमीटरवर एक रेघ ०.००२ ची असते, म्हणजे एका रेघेची चूक झाली की दीड टक्का गेला. हे मनापासून करायचं असेल तर ०.९८० ते १.०२० एवढ्याच पट्ट्याचा, बारीक रेघांचा वेगळा हायड्रोमीटर घ्या. नाहीतर 'नऊ ते अकरा' असं उत्तर येईल आणि त्यावर समाधान मानावं लागेल.

ऑनलाइन 'अल्कोहोल मीटर' मागवला. वाइनमध्ये सोडला तर शून्य दाखवतो.

बरोबरच दाखवतो. तो गाळलेल्या दारूसाठी असतो, जिच्यात पाणी आणि अल्कोहोल याखेरीज फारसं काही नसतं. गे-ल्युसॅकनं १८२४ साली टक्क्यांची पट्टी आखली ती अशाच मिश्रणासाठी. वाइनमध्ये थोडीशी साखर राहिली तरी ती अल्कोहोलचा हलकेपणा खाऊन टाकते आणि मीटर वरच तरंगत राहतो. गोव्यात फेणी आणि हुर्राकाचा जोर 'ग्राव'मध्ये सांगतात, तोही असाच तरंगता मापक सोडून, पण भट्टीतून उतरल्यावर. काजूच्या आंबलेल्या रसात तो सोडून उपयोग नसतो.

याच घराण्यातला आणखी एक किस्सा. भारतात रम-व्हिस्कीच्या बाटलीवर ४२.८ टक्के असा विचित्र आकडा का असतो? ब्रिटिश 'प्रूफ' मोजणीचं (दारूचा जोर सांगायच्या जुन्या पद्धतीचं) ते उरलेलं शेपूट आहे. १८१६ च्या कायद्यानं ब्रिटनमध्ये साइक्सचा हायड्रोमीटर अधिकृत झाला. त्या पद्धतीत १०० प्रूफ म्हणजे ५७.१ टक्के. आपली बाटली ७५ प्रूफची, म्हणून त्याचे ७५ टक्के करा: ४२.८.

वाइनसाठी व्हायनोमीटर नावाची एक केशनलिकाही स्वस्तात मिळते. पूर्ण कोरड्या वाइनला बरी, गोड वाइनला निरुपयोगी. मी घेतली, दोनदा वापरली, आता खणात आहे.

मधेच साखर किंवा फळं घातली तर हिशोब कसा?

साखर सोपी आहे. १० लिटरला अर्धा किलो घातली तर ०.०१९ एवढी घनता वाढली असती, ती ओजीत मिळवा. १.०५० चे १.०६९ झाले असं धरा.

फळांचं उलटं होऊ शकतं. बारा टक्क्यांच्या मीडमध्ये दोन किलो स्ट्रॉबेरी घातली तर अल्कोहोल वाढेल असं वाटतं. पण स्ट्रॉबेरीत साखर पाच टक्क्यांच्या आसपास आणि बाकी मुख्यतः पाणी. त्या रसातून फार तर तीन टक्क्यांचं पेय होईल आणि ते तुमच्या बारा टक्क्यांत मिसळेल. मीड सौम्य होतं.

कोंबुचा (आंबवलेला गोड चहा), आल्याची बिअर, कांजी यांत अल्कोहोल असतं का? मुलांना देऊ का?

थोडं असतं. किती, ते घरी नीट मोजता येत नाही. कोंबुचात यीस्ट अल्कोहोल बनवतं आणि जिवाणू त्याचं ॲसेटिक आम्ल करतात, त्यामुळे 'घनता घटली म्हणजे तेवढं अल्कोहोल' हे गणितच मोडतं. भारतीय अन्नसुरक्षा मानकांत ०.५ टक्क्यापेक्षा जास्त अल्कोहोल असलेलं पेय मद्य ठरतं, अमेरिकेतही कोंबुचाला हीच रेघ लागू आहे. साध्या हायड्रोमीटरची चूकच मुळी तेवढी असते.

एक ठोकताळा लक्षात ठेवा: लिटरभर पेयातली चार लहान चमचे साखर (सुमारे १७ ग्रॅम) यीस्टनं खाल्ली की साधारण १ टक्का अल्कोहोल. गोड आल्याची बिअर उबदार जागी बंद बाटलीत तीन-चार दिवस राहिली तर ही मजल सहज गाठते. मुलांना, गरोदर बाईला किंवा दारू वर्ज्य असलेल्या पाहुण्यांना ती देऊ नका. गाजराच्या कांजीत काम मुख्यतः लॅक्टिक आम्ल बनवणाऱ्या जिवाणूंचं असतं, तिथे अल्कोहोल नगण्य.

मिथेनॉलचं (विषारी अल्कोहोलचं) काय? हायड्रोमीटरवर कळतं का?

कळत नाही, आणि हे पक्कं डोक्यात ठेवा. इथेनॉलची, म्हणजे आपल्या पेयातल्या अल्कोहोलची, घनता ०.७८९, मिथेनॉलची ०.७९२. तरंगणाऱ्या काचेला दोन्ही सारखेच. फळांतल्या पेक्टिनमुळे आंबवलेल्या वाइन-सायडरमध्ये मिथेनॉलचा अंश येतो, पण तो इतका थोडा असतो की त्यानं विषबाधा होत नाही. २०१५ साली मुंबईत मालवणीला शंभराहून जास्त माणसं दगावली, ती दारूच्या नावाखाली विकलेल्या मिथेनॉलनं. कुणी न गाळता आंबवलेल्या पेयानं ते घडलं नव्हतं. कुणी अनोळखी गाळलेली दारू आणली आणि 'मीटर लावून बघ रे' म्हणालं, तर मीटर लावू नका आणि ती पिऊही नका.

माझा आकडा ६.४३ आला. लेबलवर तेच लिहू?

दोन्ही रीडिंगांत एकेक रेघ इकडेतिकडे झाली तरी उत्तर अर्ध्या टक्क्यानं हलतं. युरोपात ५.५ टक्क्यांपर्यंतच्या बिअरच्या लेबललासुद्धा कायद्यानं अर्ध्या टक्क्याची सूट आहे, आणि तिथे प्रयोगशाळा असते. 'सुमारे ६.५' लिहा.

बुडबुडे थांबले. बाटल्या भरू?

बुडबुड्यांवर विश्वास ठेवू नका. झाकण नीट बसलं नसलं तरी ते थांबतात. तीन दिवसांच्या अंतरानं दोन रीडिंग घ्या, दोन्ही सारखी आली तर भरा. १.०२० वर अडकलेलं पेय संपलं समजून बाटलीत कोंडलं आणि ते पुन्हा जागं झालं, तर बाटल्या फुटतात. काचा भिंतीत रुतलेल्या मी पाहिल्या आहेत. हायड्रोमीटरचा खरा उपयोग माझ्या लेखी हाच, टक्के नंतर.

फेसासाठी बाटलीत लिटरमागे सहा ग्रॅम साखर घालत असाल तर अल्कोहोल आणखी सुमारे ०.३५ टक्का वाढेल.

पिऊन गाडी चालवायची तर किती चालेल?

या आकड्यावर तो निर्णय घेऊ नका. ब्रिटनमध्ये एक युनिट म्हणजे १० मिली शुद्ध अल्कोहोल, त्या हिशोबानं ७ टक्क्यांच्या सायडरची अर्ध्या लिटरची एक बाटली म्हणजे साडेतीन युनिट. रक्ताची मर्यादा इंग्लंडमध्ये १०० मिलीमागे ८० मिलिग्रॅम, स्कॉटलंडमध्ये ५०, भारतात ३०. घरच्या पेयाचा जोर अर्धा-एक टक्का चुकलेला असू शकतो आणि ग्लासही घरचाच, म्हणजे मोठा. चावी घरी ठेवा.

मोजून झालेला नमुना परत भांड्यात ओतू का?

नको. जार, हायड्रोमीटर, तुमचे हात या सगळ्यांवरचे जंतू त्याबरोबर आत जातील आणि एका ग्लासापायी दहा लिटरचं व्हिनेगर होईल. चाखून बघा. आकडा काहीही सांगो, गोडी किती उरली आणि आंबटपणा कुठे गेला ते जिभेलाच कळतं, आणि तेही त्या चिकटपट्टीवर लिहून ठेवा.